सभेला परवानगी आहे का?

गाडी नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादला थांबते तेव्हा फसली सन 1346 चा खुर्दाद महिना चालू आहे, म्हणजे 1937 चा एप्रिल. तुम्ही उतरता. रूळ मीटरगेजचे, गाडी निजाम स्टेट रेल्वेची. खिशात ब्रिटिश हद्दीतले रुपये असतील तर आधी बदलून घ्या, इथे, निजामाच्या हैदराबाद संस्थानात, हाली शिक्का चालतो. हमाल आपसात तेलुगूत बोलतात, तुम्हाला मराठीत विचारतात आणि स्टेशनातल्या बाबूशी उर्दूत हुज्जत घालतात. एवढ्या एका बाबतीत धर्माबाद तेव्हाही आजच्यासारखंच आहे.

ऊन डोक्यावर आलंय. कापसाच्या गाड्यांनी उडवलेल्या धुळीतून वाट काढत तुम्ही एका ओसरीवर येता. चारजण बसलेत. एक शाळामास्तर, एक अडत्या, नुकती वकिलीची सनद घेतलेला एक तरुण आणि एक शेतकरी. शेतकऱ्याला अक्षरओळख नाही, पण पोरानं वाचावं म्हणून तो या बैठकीला आलाय. चौघांना गावात मराठी वाचनालय काढायचं आहे. दोन कपाटं, पुण्या-मुंबईची चार वर्तमानपत्रं, एक कंदील. उद्घाटनाला बाहेरगावचा एखादा विद्वान बोलवावा आणि गावाला जमवावं, एवढाच बेत.

“मग करा की,” असं तुम्ही म्हणून जाता.

चौघेही तुमच्याकडे बघतात. “पाव्हणे, तुम्ही मोगलाईतले दिसत नाही,” मास्तर म्हणतात.

त्यांनी तुम्हाला समजावून सांगायला घेतलं की संध्याकाळ होते. निजाम सरकारने 1929 साली गश्ती निशाण 53 काढली. या परिपत्रकानुसार सभा घ्यायची तर अगोदर परवानगी काढावी लागते, मग ती सभा राजकीय असो, सामाजिक असो की धार्मिक. शाळेचंही तसंच. 1924 पासून खाजगी शाळा सरकारी मंजुरीशिवाय काढता येत नाही. दरबाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची उर्दू, कचेरीची उर्दू. म्हणून मराठी वाचनालयाच्या सभेचा अर्जही उर्दूतच जाणार. अर्जनवीस शोधायचा, त्याला पैसे द्यायचे आणि त्याच्याकडून लिहून घ्यायचं की बोलणार कोण, बोलणार कशावर, आणि सभेत राजकीय विषयावर अवाक्षर निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मास्तरांबरोबर कचेरीत उभे आहात. टेबलामागचा अहलकार कागद वाचतो, पुन्हा वाचतो. “किताबां पढ़ना है तो घर में पढ़ो. जलसे की क्या ज़रूरत?” तो रागावलेला नाही, त्याला खरंच कळत नाही. कागद वर जाणार. तहसीलातून अव्वल तालुकदाराकडे, तिथून आणखी वर. उत्तर कधी येईल, येईल की नाही, हे कुणी सांगत नाही. मास्तर पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत. त्यांना त्याची सवय झालेली आहे, आणि तुम्हाला सर्वात जास्त लागतं ते हेच.

पण या माणसांना भित्रं समजू नका. आपल्याकडे मुक्तिसंग्रामाची गोष्ट बंदुकीपासून सुरू करायची सवय आहे, आणि त्यात ही ओसरीवरची माणसं गळून जातात. वाचनालय, खाजगी शाळा, गणेशोत्सवातलं व्याख्यान, साहित्य परिषद या सगळ्या संस्था वरून समाजसेवेच्या होत्या. त्यांच्या घटनेत राजकारणाचा शब्द नव्हता. पण जिथे चारजणांनी एकत्र बसायलाच परवानगी लागते, तिथे चारजणांनी एकत्र बसणं हेच सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडणं असतं. सरकारला हे बरोबर कळलं होतं. म्हणूनच परिपत्रकात धार्मिक आणि सामाजिक सभाही आल्या.

आत बोलता येत नाही म्हणून बाहेर जाऊन बोलायचं, ही वाटही काढून झाली होती. हैदराबाद संस्थानातल्या जनतेच्या राजकीय परिषदा भरल्या त्या 1923 मध्ये काकीनाड्याला, 1926 मध्ये मुंबईला, 1928 मध्ये पुण्याला आणि 1931 मध्ये अकोल्याला. चारही ठिकाणं निजामाच्या हद्दीबाहेर. धर्माबादच्या माणसाला धर्माबादचं दुखणं सांगायचं तर वऱ्हाडात जाऊन सांगायचं! आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्याहून निघतं. संस्थानात बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघतं, पुन्हा बंदी येते, पुन्हा नवं नाव. मास्तरांकडच्या पेटीत तळाशी तुम्हाला असे दोन-तीन अंक सापडतील. वाचून झाले की घडी घालून जिथे होते तिथे ठेवा.

याच वर्षी, 1937 मध्ये, एक दार थोडं किलकिलं होतं. तुम्ही मास्तरांबरोबर पुन्हा गाडीत बसता. उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू करत परतूरला उतरता. संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलंय, अध्यक्ष गोविंदराव नानल. मंडपात पगड्या, टोप्या, काळे कोट. वकील पुष्कळ, शिक्षक पुष्कळ, शेतकरी कमी. तुम्ही मागे सतरंजीवर बसता. ठरावांची भाषा ऐकून तुम्हाला चुळबुळ होईल. विनंती आहे, प्रार्थना आहे, सरकारने कृपाळूपणे लक्ष घालावं अशी आशा आहे. तुमच्या शेजारचा परभणीकडचा एक जण हळूच म्हणतो, “असं मागून कुणी देतंय का हो?”

नाही देत. तरीही त्या मंडपाची किंमत कमी होत नाही. त्या दिवसापर्यंत मराठवाड्यातली पाच जिल्ह्यांची माणसं स्वतःच्या भूमीवर, स्वतःच्या भाषेत, एका छताखाली बसून ‘आपलं काय चाललंय’ असं विचारायला अशी जमली नव्हती. धर्माबादच्या मास्तरांना तिथे कळतं की अर्ज अडकलेले आपण एकटे नाही. उस्मानाबादकडच्या शाळेचा अडकलाय, बीडकडच्या वाचनालयाचा अडकलाय. ज्याचं त्याचं दुःख सर्वांचं झालं की तक्रारीची मागणी होते. संघटना पहिलं काम करते ते हे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

पुढचं वर्ष झपाट्याने जातं. 1938 मध्ये लातूरला दुसरं अधिवेशन. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ सरचिटणीस होतात. शाळा चालवणारा माणूस लोकांच्या हक्काचं बोलू लागतो, आणि मंडपाची भाषा बदलते. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची तयारी चालू असतानाच 7 सप्टेंबर 1938 रोजी सरकार तिच्यावर बंदी घालतं. जन्माआधीच बंदी! 24 ऑक्टोबरला नानलांची पहिली तुकडी सत्याग्रह करते. परतूरला ‘प्रार्थना आहे’ म्हणणारे तेच नानल. तीन दिवसांनी स्वामीजी तुरुंगात जातात. विनंतीच्या भाषेपासून तुरुंगाच्या दारापर्यंतचं अंतर या माणसांनी दीड वर्षात कापलं, ते सरकारने विनंतीलाही जागा ठेवली नाही म्हणून.

*

आता थोडं पुढे चला. 29 ऑक्टोबर 1946. तुम्ही अर्जापूरच्या शिवारात आहात, धर्माबादपासून फार लांब नाही. काळ्या रानात ज्वारी उभी आहे. स्टेट काँग्रेसवरची बंदी याच वर्षी जुलैत उठलीय, म्हणजे कागदावर बोलायला मोकळीक आहे. गोविंदराव पानसरे त्या मोकळिकीवर विश्वास ठेवून या भागातल्या गावोगावी फिरणारे कार्यकर्ते. युद्धकाळापासून शेतकऱ्याच्या खळ्यावर धान्याची लेव्ही बसली आहे, पटेल-पटवाऱ्यांचा जाच आहे, रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूने उभ्या असलेल्या सशस्त्र स्वयंसेवकांची, दहशत वाढत चालली आहे. लोकांनी घाबरून घरात बसू नये, बोलावं, एवढंच सांगत ते फिरतात.

त्या दिवशी अर्जापूरला रझाकारांनी त्यांना मारलं. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातले पहिले हुतात्मे म्हणून नांदेड जिल्हा त्यांचं नाव घेतो. धर्माबादेत त्यांच्या नावाची शाळा आहे.

तुम्ही त्या शिवारात उभे आहात आणि तुम्हाला काही करता येत नाही. पण एक गोष्ट नीट पाहून ठेवा. बंदी उठणं आणि बोलणं सुरक्षित होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी हुकूम जुलैत निघाला होता. ऑक्टोबरात बोलणारा माणूस मारला गेला, आणि त्याचं संरक्षण करणं ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही. आजही गावात एखादा माहितीचा अर्ज टाकतो, एखादी बाई ग्रामसभेत रेशनचा हिशेब विचारते, तेव्हा कायदा तिच्या बाजूनेच असतो. प्रश्न असा असतो की संध्याकाळी घरी जाताना तिच्याबरोबर कोण चालतं. संस्थेची, मंडळाची, समितीची गरज तिथे लागते. एकटा माणूस कितीही शूर असला तरी तो एकटा असतो.

उमरीला फक्त क्षणभर थांबा, 30 जानेवारी 1948 रोजी. निजामाविरुद्ध लढणाऱ्या, सीमेवरच्या शिबिरांतून आलेल्या तरुणांनी तिथली बँक लुटली, लाखो रुपये लढ्यासाठी नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. अर्ज करणाऱ्या मास्तरांच्या पुढच्या पिढीच्या हातात बंदूक का आली, याचं उत्तर उमरीत शोधू नका. ते कचेरीतल्या त्या टेबलावर पडून राहिलेल्या कागदांत आहे.

भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतर 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. त्या दिवसाचा आनंद तुम्हाला कुणी शिकवायला नको. पण त्यानंतरचे काही आठवडेही तुम्हाला बघावे लागतील, कारण आपल्या लिखाणात ते बहुतेक वेळा वगळले जातात. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी या तिघांची सद्भावना समिती भारत सरकारच्या सांगण्यावरून संस्थानात गावोगाव फिरते. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं ते ती ऐकून घेते, लिहून घेते. ज्या चार जिल्ह्यांत सर्वात जास्त माणसं मेली असं समितीने नोंदवलं, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर आपला नांदेडही आहे. संपूर्ण संस्थानातल्या मृतांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा. अहवाल दशकानुदशकं कपाटात राहिला.

तुम्ही त्या समितीबरोबर एका गावच्या वेशीत उभे आहात असं समजा. एक म्हातारी घराच्या जोत्यावर बसून सांगतेय, आणि गावातली जिंकलेली माणसं जरा दूर उभी राहून बघताहेत. त्या म्हातारीच्या बाजूने बोलणं त्या क्षणी कुणालाच सोयीचं नव्हतं. रझाकारांनी पानसऱ्यांना मारलं हे खरं, आणि या म्हातारीने कुणाचं काही केलं नव्हतं हेही खरं. लोकांच्या बाजूने बोलायचं व्रत घेतलेल्या कुणालाही ही परीक्षा चुकत नाही. आपली माणसं जिंकली की दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकणारा कान बंद होतो, आणि तो उघडा ठेवणं हे संस्थांचं काम आहे. आपल्या भागात ते पुरेसं झालं नाही, असं माझं मत आहे.

*

1956 मध्ये राज्यांची फेरमांडणी झाली. मुधोळ, भैंसा आंध्रात गेलं, धर्माबाद इकडे राहिलं. बासरचं सरस्वतीचं देऊळ नदीकाठाने जवळच, पण दुसऱ्या राज्यात. सोयरिकी दोन्हीकडे, शेतं दोन्हीकडे. खाली गोदावरीवर पोचमपाडला धरण झालं, ज्याला आज श्रीरामसागर म्हणतात. त्याची कोनशिला 1963 मध्ये नेहरूंच्या हस्ते बसली. त्या धरणाचं पाणी फुगून मागे थेट नांदेड जिल्ह्यात येतं. म्हणजे नदी दाराशी, पाणी डोळ्यासमोर, आणि धर्माबादच्या शेतकऱ्याला पंप टाकायला उन्हाळ्यात डोह शोधावा लागतो.

1975 मध्ये दोन्ही राज्यांचा करार झाला. पैठणच्या खालून पोचमपाडपर्यंतच्या पट्ट्यात महाराष्ट्राने नव्याने 60 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वापरायचं, असं त्यात ठरलं. 1980 च्या गोदावरी लवादाने तो उचलून धरला. त्याच हिश्श्यातून धर्माबाद तालुक्यातल्या बाभळीला बंधारा बांधायचं ठरलं. साठा 2.74 टीएमसी, सुमारे 8 हजार हेक्टरला उपसा पाणी. मोठ्या धरणांच्या मानाने लहान काम. पण तो पोचमपाडच्या फुगवट्याच्या हद्दीत येतो म्हणून आंध्र प्रदेश 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. 2007 मध्ये न्यायालयाने सांगितलं, बांधकाम करा, दरवाजे बसवू नका. बिनदरवाजाचा बंधारा उभा राहिला. त्याच्या खांबांमधून नदी वाहत राहिली.

तुम्ही आता 2010 च्या जुलैत धर्माबादेत आहात. आयटीआयच्या फाटकाबाहेर पोलिसांच्या गाड्या, वार्ताहर, कॅमेरे. आत आंध्रचे माजी मुख्यमंत्री, तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आणि त्यांचे आमदार अटकेत आहेत. 16 जुलैला ते जमावबंदी मोडून बंधारा बघायला सीमेवरून आत आले. चार दिवसांनी त्यांना विमानाने हैदराबादला पोचवलं. देशभरच्या वाहिन्यांवर धर्माबादचं नाव पहिल्यांदाच एवढं गाजलं, आणि नायडूंना मारहाण झाली की नाही, जेवण मिळालं की नाही, यावरच गाजलं. फाटकाबाहेर छत्री घेऊन उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याला तुम्ही विचारता, “काका, तुमचं काय म्हणणं?” तो म्हणतो, “आम्हाला कोण विचारतंय? ते त्यांच्या शेतकऱ्यांसाठी आले. आमच्यासाठी कोण जातंय तिकडं?”

त्याचं पहिलं वाक्य मनात ठेवा, कारण ते कायद्याच्या दृष्टीनेही खरं आहे. आंध्रने दावा केला तो राज्यघटनेच्या 131 व्या कलमाखाली. या कलमाखाली भांडतात ती राज्यं, केंद्र आणि राज्यं. बाभळी गाव त्यात पक्षकार नसतं. धर्माबाद तालुक्याचा शेतकरी नसतो. पोचमपाडखालचा निजामाबादचा शेतकरीही नसतो. 28 फेब्रुवारी 2013 रोजी निकाल लागला. महाराष्ट्राला बंधारा वापरायची मुभा मिळाली, आणि देखरेखीसाठी त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. केंद्रीय जल आयोगाचा एक, महाराष्ट्राचा एक, आंध्रचा एक. नदीकाठच्या माणसाला खुर्ची तिथेही नाही.

अटी अशा. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर सगळे दरवाजे उघडे, म्हणजे पावसाळ्यातलं वाहतं पाणी अडवायचं नाही. 29 ऑक्टोबरला दरवाजे खाली टाकायचे. 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली पोचमपाडला सोडायचं. कागदावर हे न्याय्य वाटतं, आणि खालच्या राज्याची काळजीही खोटी नाही. पण तुम्ही नोव्हेंबरात बंधाऱ्यावर उभे राहा. पाऊस गेलेला असतो. वर जायकवाडीपासून विष्णुपुरीपर्यंत ठिकठिकाणी नदी अडवलेली असते. परतीचा पाऊस चांगला झाला तर बाभळी भरते. नाही झाला तर दरवाजे बंद करायला उरतं ते गुडघाभर पाणी. ज्या दिवशी दरवाजे बंद होतात तो दिवस गोविंदराव पानसऱ्यांच्या हौतात्म्याचा आहे. या भागात त्या तारखेला दोन कारणांनी बघितलं जातं.

बाभळी बंधारा कृती समिती नावाची जी काही हालचाल धर्माबादेत वर्षानुवर्षं चालली, तिचं मोल इथे कळतं. मोर्चा, धरणं, तहसीलवर निवेदन, मुंबईला शिष्टमंडळ, निकालाचे कागद वाचून गावोगाव समजावून सांगणं. यात पगार नाही, पद नाही. सरकार बदललं, मंत्री बदलले, अभियंते बदलून गेले. फाईल कुठे अडली हे ध्यानात ठेवणारी माणसं गावातच राहिली. जिथे न्यायालयात राज्यं बोलतात, समितीत राज्यांचे अधिकारी बसतात, तिथे गावाचं म्हणणं पोचवायला गावाने स्वतः उभी केलेली संघटना हा एकच रस्ता उरतो. तिला ‘तुम्हाला कुणी निवडून दिलंय?’ असं विचारणाऱ्यांनी हे 131 वं कलम एकदा वाचावं.

2018 मध्ये धर्माबाद तालुक्यातल्या काही सीमेवरच्या गावांनी आंध्रातून वेगळ्या झालेल्या तेलंगणात आम्हाला घ्या अशी मागणी केली. पलीकडे त्या वर्षी रयतु बंधू योजनेत एकरी 4 हजार रुपये हंगामाला मिळू लागले होते, आणि इकडच्या शेतकऱ्याला बांधावरून ते दिसत होतं. काहींनी या गावांना फितूर म्हटलं. मला ती मागणी अतिशय प्रामाणिक वाटली. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी हक्कांसाठी तुरुंग भोगला, त्यांच्या नातवांना असं बोलावं लागतं, तर ऐकणाऱ्याने आधी आपल्याकडे बघावं.

*

आता तुम्ही आजच्या धर्माबादेत आहात. मोंढ्यात लाल मिरचीचे ढीग, डोळ्याला पाणी आणणारा खाट. एका दुकानाच्या माडीवर एका संस्थेचं कार्यालय आहे. ती वह्या वाटते, रक्तदान शिबिर घेते, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर देते. अध्यक्ष तुम्हाला म्हणतात, “साहेब, आम्ही फक्त सेवा करतो. राजकारणात पडत नाही. नोंदणी जाईल ना.”

त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने, म्हणजे 1950 च्या कायद्याने, गरिबांना मदत, शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांच्याबरोबर सार्वजनिक उपयोगाचं इतर कामही धर्मादाय मानलं आहे. बंधन आहे ते पक्षाच्या राजकारणावर, निवडणुकीत उमेदवाराची पालखी उचलण्यावर. परदेशी देणग्यांच्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संस्थांना राजकीय ठरवण्याची तरतूद होती. 6 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इन्साफ’ या संघटनेच्या खटल्यात तिला मर्यादा घातली. पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेली संस्था लोकांच्या प्रश्नासाठी सनदशीर मार्गाने विरोध करत असेल, तर तेवढ्यावरून तिला राजकीय म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. धर्माबादच्या मास्तरांना 1937 मध्ये कुणी हे सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

टँकर देऊ नका असं मी म्हणत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा हंडाभर पाणी देणारा प्रत्येकजण मला मोठा वाटला. पण त्याच लातुरात उसाला किती पाणी गेलं, मांजऱ्याच्या धरणात किती शिल्लक होतं आणि ते कुणी ठरवलं, हे विचारणारी माणसंही तितकीच हवी होती. सेवा करणाऱ्या संस्थेला प्रश्न विचारायचा अधिकार इतरांपेक्षा जास्त आहे, कारण हंडे तिनेच मोजलेले असतात. कुठल्या वस्तीत टँकर आठव्या दिवशी जातो, हे कचेरीतल्या कागदाला माहीत नसतं, तिला माहीत असतं. ते माहीत असून गप्प बसणं ही तटस्थता नव्हे.

एक अट मात्र संस्थांनी स्वतःवर घालून घ्यावी. लोकांच्या नावाने बोलायचं तर लोकांसमोर हिशेब ठेवायचा, वर्गणीचाही आणि भूमिकेचाही. मागणी कुणी ठरवली, कुठल्या बैठकीत ठरवली, शेतमजूर, बायका, दलित वस्तीतली माणसं आणि अल्पसंख्याक त्या बैठकीत होते का, हे सांगता आलं पाहिजे. परतूरच्या मंडपात शेतकरी कमी आणि वकील जास्त होते. ती उणीव आज नव्वद वर्षांनीही आपल्या पुष्कळ समित्यांत तशीच आहे.

बाभळीपुरतं बोलायचं तर माझं म्हणणं हे आहे. देखरेख समितीने वर्षातून किमान दोनदा धर्माबादेत आणि निजामाबादेत येऊन दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचं ऐकावं. पावसाळ्याच्या शेवटी पाणी भरपूर असेल त्या वर्षी दरवाजे लवकर टाकता येतील का, याचा दोन्ही राज्यांनी बसून विचार करावा. त्यासाठी तेलंगणाच्या शेतकरी संघटनांशी बोलणं आधी इकडच्या समितीने सुरू करावं. सोयरिकी आहेतच, भाषाही येते. आणि तुम्ही या खोऱ्यातले असाल, नांदेडचे, परभणीचे, लातूरचे, किंवा इथून पुण्या-मुंबईला गेलेले, तर गावच्या ग्रामसभेत याचा ठराव मांडा, समितीचे सभासद व्हा, वर्गणी भरा आणि तिचा हिशेब मागा. वाचनालयाच्या सभेला तुम्हाला आज कुणाची परवानगी लागत नाही. ती सभा घ्या.